पाटीतली लुडबुड

१२ जानेवारी

प्रिय भिंगरी,

मोठ्या भावाने आशीर्वादाने सुरुवात करावी अशी रीत आहे, पण तू तो पाकिटासकट परत पाठवशील, म्हणून सरळ कामाचं लिहितो. ईमेल तू वाचत नाहीस, वाचत असशील तर उत्तर देत नाहीस. पाकीट निदान फाडावं तरी लागतं, आणि आत काय आहे ते न बघता एखादी गोष्ट टाकून देणं तुला लहानपणापासून जमलेलं नाही.

काम लुडबुडचं आहे. हो, तीच. नऊ वर्षांपूर्वी मी पाटीतून उचलून बाहेर काढलेली तुझी लुडबुड मला परत पाटीत बसवायची आहे. हसून घे, मग पुढे वाच.

आपण दोघं मागच्या खोलीत बसून पाटी लिहायला घेतली तेव्हा मी बजावलं होतं, की साधा एडिटर आहे, लिहा, खोडा, जपून ठेवा, बास. माझ्या प्रोग्राममध्ये कुणाची लुडबुड नको. त्यावर तू आठ महिने खपून एक छोटी भाषाच तयार केलीस, वापरणाऱ्याने चार ओळी लिहिल्या की पाटी त्याच्या मनासारखी वागेल अशी. आणि तिचं नाव मुद्दाम लुडबुड ठेवलंस. त्या ओळी वाचून पाटीकडून काम करून घेणाऱ्या भागाला तू दुभाषा म्हणायचीस. त्या दुभाष्याची शेवटची प्रत माझ्याकडे आहे, पण तो काही जागी अर्धवट आहे आणि तुझ्या टिपा फक्त तुलाच कळतात.

आता का, तर आईसाठी. तिच्या डोळ्यांचं मावशीकडून तुझ्या कानावर आलं असेल. दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग आहे. कडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं तेच दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, आहे ती नजर वर्षभर टिकेल असं धरून चाला. हे ते तिला ओरडून सांगत होते. आई म्हणाली, "डोळे बिघडलेत डॉक्टर, कान शाबूत आहेत."

तिचा चुकांचा संग्रह पुन्हा नऊशे नोंदींपर्यंत आलाय. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासताना पकडलेल्या चुका, आणि त्या इतरांच्या नजरेतून का सुटल्या त्याची कारणं, सगळं आठवणीतून परत. औषधाच्या माहितीपत्रात 'जेवणाआधी'चं 'जेवणाऐवजी' झालं होतं, ती नोंद तिने सर्वांत आधी लिहून काढली. नजर आहे तोवर पुरं करायचं म्हणते. त्यासाठी दर चार दिवसांनी माझ्याकडे नवी मागणी येते. ओळ मोठ्याने वाचून दाखव. नोंदीच्या सुरुवातीला ने. शेवटचे तीन शब्दच पुन्हा म्हण. प्रत्येक वेळी मला पाटीचं पोट फाडून आत शिरावं लागतं, सगळं परत बांधावं लागतं, आणि ती शेजारी खुर्ची ओढून "झालं का रे?" म्हणत बसते. दिवसभर वजनकाट्यांच्या कंपनीत डोकं घालून आल्यावर माझ्या नाकी नऊ येतात. लुडबुड आत असती तर हे पाच-पाच ओळींचं काम होतं. हे तू तेव्हाच म्हणाली होतीस. मला आठवतंय.

तर दोन गोष्टी हव्यात. एक, तुझी परवानगी. दोन, दुभाषा दर हजार पावलांनी थांबून पाटीला काहीतरी विचारतो, तो भाग कसा पुरा करायचा होता?

तुम्हा दोघींचं बोलणं बंद आहे, त्यात मी पडत नाही. झालं ते झालं, चूक कुणाची का असेना. आईला मी सांगितलेलं नाही की भाषा तुझी आहे. कळलं तर ती कीबोर्डला हात लावायची नाही.

दादा

३० जानेवारी

प्रिय भिंगरी,

तुझं अर्धं पान मिळालं. वर प्रिय नाही, खाली सही नाही. वीजमंडळाचं पत्रसुद्धा 'महोदय' म्हणतं. पण आलं, हे खूप झालं.

"परवानगी कशाला, न विचारता वापरलीस तरी मी कुठे बघायला येणार होते," याला मी परवानगीच धरतो. हजार पावलांचं तू लिहिलंस ते मात्र लख्ख कळलं. वापरणाऱ्याने चुकून कधीच न संपणारी आज्ञा लिहिली तर सगळी पाटी अडकून पडू नये, म्हणून दुभाष्याने मधे मधे थांबून विचारायचं, 'चालू ठेवू का?' उत्तर नाही आलं तर झालेलं सगळं मागे घेऊन गप्प बसायचं. मी तसंच केलं. तीन संध्याकाळी गेल्या. दुभाष्याला पाटीत जागा दिली, पण घरभर फिरायला नाही. चारच दारं उघडली आहेत. ओळ वाच, ओळ बदल, कर्सर हलव, मोठ्याने म्हण. फाइल जपून ठेवायचं दार मी बंदच ठेवलंय. ते माणसानेच करायचं.

पहिल्याच दिवशी घोळ झाला तो माझा. आईने "सगळ्या नोंदींचे आकडे नीट कर" ही आज्ञा चालवली, मग तिला ती परत घ्यायची होती. तिने 'मागे घे'ची कळ दाबली, तर एकच आकडा मागे गेला. दुभाष्याने केलेला प्रत्येक बारीक बदल मी वेगवेगळा नोंदवला होता. आईने न बोलता ती कळ नऊशे वेळा दाबली. मी स्वयंपाकघरात होतो, मला वाटलं ती टंकलेखनाचा सराव करतेय. आत आलो तर म्हणाली, "एक हुकूम दिला तर तो एकदाच मागे घ्यायला नको का? की तुझ्या कंपनीत एकेक अक्षर परत मागवतात?" आता एक आज्ञा म्हणजे एकच बदल. हेसुद्धा तुझ्या टिपांमध्ये होतं, मी वाचलं नव्हतं.

आणि ऐक. आई स्वतः लुडबुड शिकतेय. मी नाही शिकवली. तिने माझ्याकडून तुझी माहितीची पानं (लुडबुड हे नाव मी वगळलं) मोठ्या अक्षरांत छापून घेतली, कागद डोळ्यांच्या कडेशी धरून वाचते. तिची पहिली आज्ञा चार ओळींची होती, 'एकाच नोंदीत तोच शब्द तीनदा आला तर सांग.' चालली. तेव्हापासून घरात तिच्यापुढे बोलायची सोय नाही, मी 'म्हणजे' किती वेळा म्हणतो तेही मोजते.

चुकलं तर तुझा दुभाषा जे सांगतो तेही तिला आवडतं. "ओळ सातवर 'जर' उघडलंय, ते कुठे मिटलं ते सापडत नाही." ती म्हणाली, "बघ, चूक दाखवतो पण पाणउतारा करत नाही. आमच्या छापखान्यात असं एक माणूस असतं तर!" हे सगळं कुणी केलं, असं तिने विचारलं. मी म्हणालो, बाहेरच्या देशातल्या कुणीतरी.

तू शेवटी विचारलंयस, भिंतीवरच्या आपल्या नियमांच्या कागदातलं तिसरं कलम अजून तसंच आहे का. तो कागद सापडत नाहीये. घर रंगवताना कुठेतरी गेला असेल.

दादा

२१ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

या खेपेला तुझं पत्र एका ओळीचं आलं. "कागद हरवला असेल, कलम तुला पाठ आहे." बरोबर आहे. पण आज ते बाजूला ठेव, आधी इथलं सांगतो.

गेल्या रविवारी आईने पहिल्यांदा मोठी आज्ञा लिहिली, सोळा ओळींची. अपुऱ्या नोंदी शोधायच्या आणि एकामागून एक वाचून दाखवायच्या. शेवटच्या नोंदीनंतर थांबायचं कुठे हे सांगायला ती विसरली. म्हणजे जे होऊ नये म्हणून तू जपलं होतंस, नेमकं तेच. दुभाषा शेवटच्या नोंदीवरून पुन्हा पहिलीवर, परत शेवटपर्यंत, असा फिरत राहिला. मी दारात उभा होतो. पडद्यावर नऊशे नोंदी उघड्या होत्या.

मग तो थांबला. विचारलं, 'बराच वेळ चाललंय. चालू ठेवू का?' आईने 'नको'ची कळ दाबली. सगळं होतं तिथे होतं. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

मी खाली बसलो. आई मात्र खूश. म्हणाली, "ही भाषा ज्याने केली ते माणूस सभ्य आहे. विचारून पुढे जातं." मग दुपारी मला जेवायला वाढून हात पुसत म्हणाली, "तुझ्या बहिणीच्या भाषेने तेव्हा एवढं विचारलं असतं, तर माझ्या तेराशे चाळीस नोंदी गेल्या नसत्या."

इतक्या वर्षांनी तिने तुझा विषय काढला तो हा असा. तुझं नाव घेतलं नाही, 'तुझी बहीण' म्हणाली. मी जेवत होतो. पाणी प्यायलो आणि "हं" म्हणालो. एवढंच म्हणालो, "हं". माझ्याइतका मूग गिळून बसणारा माणूस शोधून सापडणार नाही.

नंतर ती खिडकीशी उभी राहून बाहेरच्या दुकानाची पाटी वाचायचा प्रयत्न करत होती. मान वाकडी करून कडेने. रोज करते, किती अक्षरं उरलीत ते बघायला. गेल्या महिन्यात पाच लागत होती, आता तीन. मला म्हणाली, "माणसांचे चेहरे आधी जातील असं डॉक्टर म्हणाले. अक्षरं थोडी टिकतील. चेहऱ्याचं काय, तुझा पाठच आहे." आणखी कुणाचा चेहरा तिला आठवायचा होता ते मी विचारलं नाही.

तिसऱ्या कलमाचं पुढच्या पत्रात लिहितो. आज ऑफिसची घाई आहे.

दादा

२३ फेब्रुवारी

भिंगरी,

परवा ऑफिसची घाई नव्हती. सुट्टी होती.

कागद हरवलेला नाही. माझ्या टेबलाच्या खणात आहे. घर रंगवताना मीच उतरवला. तुझ्याच अक्षरात, 'कलम तीन: लुडबुडला ओळीची जागा एकदा सांगितली की तिचं काम संपेपर्यंत पाटी ती जागा बदलणार नाही.' खाली आपल्या दोघांच्या सह्या. सही करताना मी हसलो होतो, की घरातल्या घरात कसला करारनामा.

आता जे झालं ते लिहितो. मधे थांबलो तर परत लिहिणं होणार नाही.

आईची फाइल फार मोठी झाली होती. नोंदी तेराशेवर गेल्यावर पाटी रेंगाळायला लागली, आणि आई मला रोज टोमणे मारायची, की तुझी पाटी म्हातारी झाली. त्या मंगळवारी मी पाटीत एक बदल केला. मजकूर वाढला की पाटीने तो सगळा उचलून कंप्युटरच्या मेमरीत दुसरीकडे, मोठ्या जागेत न्यायचा. बदल छान चालला. पाटी पळायला लागली. आई म्हणाली शाबास. तुला सांगायचं राहिलं. खरं तर राहिलं नाही, सांगितलं नाही. मला वाटलं, तू म्हणशील तिसरं कलम मोडतंय, आता दुभाष्यात चार जागी बदल करावा लागेल, आठ दिवस थांब. मला थांबायचं नव्हतं. शाबासकी ताजी होती.

शुक्रवारी तू आईच्या सांगण्यावरून नोंदींना नवे आकडे द्यायची आज्ञा चालवलीस. आकडे घालता घालता मजकूर वाढला आणि पाटीने तो हलवला. तुझ्या दुभाष्याकडे जुनीच जागा होती, ती बदलणार नाही असा माझा सहीचा शब्द होता. तो बिचारा जुन्या जागेवर लिहीत राहिला. मी घर बदललं आणि तुला जुन्याच पत्त्यावर पत्रं टाकू दिली. मग पाटीने तो सगळा कचरा आईच्या फाइलवर आपणहून जपून ठेवला, आणि जादा प्रतीवरही. ती आपणहून जपून ठेवायची हुशारीसुद्धा माझीच.

कागदाच्या मूळ चिठ्ठ्या असत्या तर निभावलं असतं. त्या दोन महिने आधी रद्दीत घालायला कुणी लावलं? मीच. "आता सगळं आत आहे, धूळ कशाला जमवतेस" म्हणून.

आईने विचारलं, "हे कशाने झालं?" मी म्हणालो, "हिची भाषा चालवली आणि झालं." त्या क्षणी मला तसंच वाटत होतं, हे तरी माझ्या बाजूने लिहू दे. तू म्हणालीस, माझी ओळ बरोबर आहे. आई तुला काय म्हणाली ते मी पुन्हा लिहीत नाही, तू तिथेच होतीस. त्याच आठवड्यात तू बॅग भरलीस. मी पाटीच्या मूळ लिखाणाचा पासवर्ड बदलला, म्हणजे तुला आत बघता येऊ नये. सगळं खापर तुझ्यावर फोडून मी लुडबुड काढून टाकली आणि पाटी वापरणाऱ्या लोकांना कळवलं, की आता पाटी सुरक्षित आहे.

तू गेल्यानंतर एकविसाव्या दिवशी मला माझा मंगळवारचा बदल सापडला. शोधत नव्हतो, भलतंच काहीतरी करताना समोर आला. पाच मिनिटांत कळलं. भिंगरी, मला नऊ वर्षं माहीत आहे.

पहिल्या आठवड्यात ठरवलं, तू शांत झालीस की सांगू. मग ठरवलं, आई शांत झाली की. मग तू शांत होऊन वर्ष झालं आणि आईने तुझं नाव घेणं सोडलं, आणि मग सांगायचं म्हणजे एका चुकीचं नाही, एका वर्षाच्या गप्प बसण्याचं सांगायचं होतं. पुढे दोन वर्षांचं. दरवर्षी ते जड होत गेलं आणि मी दरवर्षी चालढकल केली. मी भित्रा आहे. घरातला समजूतदार मुलगा म्हणून मला सगळे ओळखतात आणि ते मला आवडतं.

लुडबुड परत बसवायची ती आईसाठीच, हे खरं. पण मला असंही वाटत होतं, की ती मुकाट्याने परत आत आली, नीट चालायला लागली, की फिटंफाट होईल आणि कुणाला काही सांगावं लागणार नाही. त्या रविवारी आईने तुझ्याच भाषेचं कौतुक तुझ्याच विरुद्ध वापरलं, आणि मी "हं" म्हणालो, तेव्हा कळलं की हे असं मिटणारं नाही.

माफी मागत नाही. मागितली तर तुला ती द्यायची की नाही याचा विचार करत बसावं लागेल, तो ताप तुला कशाला. आईला अजून सांगितलेलं नाही. सांगणार आहे. या वाक्यावर तू विश्वास ठेवू नयेस हेच बरं.

दादा

९ मार्च

भिंगरी,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. आईला सांगितलं, ते कळवायला लिहितोय.

काल सकाळी. ती टेबलाशी बसली होती, चहा झाला होता. मी म्हणालो, "आई, ही भाषा बाहेरच्या देशातली नाही. लुडबुड आहे. तिची आहे." आईने कीबोर्डवरचे हात उचलले. मला वाटलं, आता खुर्ची मागे सरकवेल. मी थांबलो नाही, मंगळवारपासून सगळं सांगितलं.

तिने ऐकून घेतलं आणि मुद्रित तपासावं तसं एकेक विचारत गेली.

"बदल कोणत्या वारी केलास?"

"मंगळवारी."

"तिला सांगितलंस?"

"नाही."

"कागदावर तुझी सही होती?"

"होती."

"तुला कधी कळलं?"

"ती गेली त्यानंतर एकवीस दिवसांनी."

इथे ती थांबली. बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाली, "एकवीस दिवस मी समजू शकते. पुढचं सगळं कशासाठी रे?"

मी म्हणालो, "भीती वाटली."

"कोणाची? माझी?"

"तुझी. तुझ्या नजरेतून उतरायची."

"माझ्या नजरेचं काय उरलंय," ती म्हणाली. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. "तिने सांगितलं होतं मला. 'आई, माझी ओळ बरोबर आहे, मी तीनदा तपासलीय.' आणि मी काय म्हणाले माहीत आहे? 'तपासणं मला शिकवू नकोस.' जन्मभर दुसऱ्यांच्या चुका पकडल्या मी. माझ्या पोरीची ओळ बरोबर होती, ती मला बघायची नव्हती. तू खोटं बोललास, पण तिचं ऐकून घ्यायचं नाही हे मला तू नाही सांगितलंस. ते माझं मी केलं."

मी म्हणालो, तुझा काही दोष नाही. ती म्हणाली, "ते तू ठरवू नकोस. नऊ वर्षं तूच ठरवत होतास."

मग तिने मला खोलीबाहेर काढलं. दार लावून दिवसभर टाइप करत होती. अधूनमधून पाटी तिला ओळ वाचून दाखवायची, तो आवाज दारातून येत होता, शब्द कळत नव्हते. मी दाराला कान लावला नाही. तेवढं तरी केलं. संध्याकाळी छापलेलं पान तिने स्वतः घडी घालून पाकिटात टाकलं. मी म्हणालो, पत्ता लिहून देतो. "शेजारची लिहील," म्हणाली. मी म्हणालो, निदान एकदा नजर फिरवतो, चुका राहिल्या असतील. तर म्हणाली, "राहू देत." आणि शेजारणीचा हात धरून टपालपेटीपर्यंत स्वतः गेली.

माझ्याशी कामापुरतं बोलते. भाजी चिरून देते, औषधाच्या बाटलीवरचं विचारते. रागावली आहे आणि मला ते योग्य वाटतं. आज मी पाटी वापरणाऱ्या सगळ्यांना पत्र पाठवलं, तेव्हाची चूक कुणाची होती ते लिहून. लुडबुड कुणी केली तेही. एकाने उलट लिहिलंय, मग इतकी वर्षं ती आम्हाला का दिली नाहीत?

पाटीच्या मूळ लिखाणाचा नवा पासवर्ड वेगळ्या चिठ्ठीवर याच पाकिटात आहे. वापर, नको वापरू.

दादा

२ एप्रिल

भिंगरी,

तू आईला काय उत्तर पाठवलंस ते मला माहीत नाही. तिने ते मला दाखवलं नाही, वाचूनही घेतलं नाही. तू पाठवलेली फाइल पाटीत उघडून पाटीकडूनच ऐकली, दार लावून, चार-पाच वेळा. नंतर बाहेर आली ती कपाट उघडून बॅग काढायला. म्हणाली, "ती ये म्हणतेय." दुसरं काही नाही.

मी म्हणालो, मी येतो सोडायला. नको म्हणाली. मी म्हणालो, सहा तासांचा प्रवास आहे, तुला फलाटावरचे आकडे दिसत नाहीत. तर म्हणाली, विचारत विचारत जाईन, तोंड आहे मला. इथे बसमध्ये शेजारीण बसवून देईल. कंडक्टरला मी सांगून ठेवलंय, हे आईला कळू देऊ नकोस, हे एकच आता तुझ्याकडे मागतो. शुक्रवारी सकाळी आठची गाडी आहे, तुमच्याकडे दोनला पोचते. तिच्याकडे निळी बॅग आहे आणि औषधं बाहेरच्या खणात आहेत. सकाळी एक, झोपताना दोन थेंब. नाही म्हणेल, तरी घाल.

संग्रह तिने सोबत घेतलाय. म्हणते, उरलेल्या नोंदी तिथे बसून करीन, लुडबुडमध्ये तिला काही सुधारायचंय ते तू समोर असतानाच सांगायचंय. किती दिवस राहणार, ते मी विचारलं. बॅगेत थंडीचे कपडेही टाकलेत, म्हणजे मला कळायचं ते कळलं. त्याचा तुझ्यावर राग नाही. घर मोठं वाटेल, पण ते माझं मी बघीन.

एक गोष्ट मात्र तू लक्षात ठेव, कारण आई ती सांगणार नाही, तिला लाज वाटते. गेल्या दोन आठवड्यांत नजर आणखी खाली आलीये. काल मी दारात उभा होतो तर तिने शेजारीण समजून हाक मारली. नऊ वर्षांत तू बदलली असशील, केस कापले असशील, तिला ते काही दिसणार नाही. गाडीतून उतरून ती गर्दीत एका जागी उभी राहील आणि सगळ्या चेहऱ्यांकडे मान वाकडी करून बघेल. तू तिच्यासमोर उभी राहिलीस तरी ती तुला ओळखणार नाही, आणि त्याचा अर्थ तू भलताच घेशील.

तेव्हा वाट बघू नकोस. तूच आधी हाक मार.

दादा